विटाळाची मोजदाद आणि व्याधीचे मौन

देवळाशी ज्यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे अशा आपल्या घरांतून एक हिशेब फार काटेकोरपणे ठेवला जातो. घरातील कोणती स्त्री कोणत्या तिथीला बाहेर बसली, तिचा चौथा दिवस कधी, पाचव्या दिवशी ती देवघरात शिरू शकेल की नाही, पालखीच्या रात्री कोणाची अडचण येणार आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाला सोवळ्यात कोण उभी राहणार, हे सासूला ठाऊक असते, जावांना ठाऊक असते, आणि कोणी उच्चार केला नाही तरी घरातील पुरुषांनाही ठाऊक असते. ज्याला आपण लाजेचा विषय म्हणतो त्याची एवढी बारीक नोंद दुसऱ्या कोणत्याही समाजात क्वचितच आढळेल. परंतु त्याच घरातील त्याच स्त्रीला दोन पाळ्यांच्या मध्येच पुन्हा रक्त दिसू लागले, तर ते विचारणारे कोणी नसते. पाळी जाऊन पाच वर्षे लोटलेल्या आजीच्या वस्त्राला डाग पडला, तर ती तो डाग पहाटे उठून स्वतःच धुते. विटाळाची मोजदाद आपण ठेवली. व्याधीची मात्र ठेवली नाही.

विटाळ पाळावा की पाळू नये, हा आजचा वाद नव्हे. त्या प्रश्नावर आमचे मत आहे. पण ते आज बाजूला ठेवतो, आणि पाळणाऱ्यांच्याच अंगणात उभे राहून विचारतो: जे घर स्त्रीच्या शरीराचे दिवस मोजते, त्या घरावर त्या मोजणीने काही जबाबदारी येते की नाही? आमचे म्हणणे असे की येते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे ओळखण्याचे साधन आपल्या घरात पूर्वीपासून आहे. ते साधन म्हणजे हीच मोजदाद होय. ती देवाच्या कामी येते आणि बाईच्या कामी येत नाही, ही आपली लाजिरवाणी गोष्ट आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. गर्भाशयाचे मुख म्हणजे गर्भपिशवीचा खालचा, निमुळता, योनिमार्गात उघडणारा भाग. त्या भागाला होणारा कर्करोग हा भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनांच्या कर्करोगाखालोखाल येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १,२७,००० स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ८०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. भागाकार करून पाहिला तर दर तासाला नऊ स्त्रिया होतात. देवळात सायंकाळची आरती आणि प्रसाद आटोपेपर्यंत देशात नऊ घरांतील एकेक स्त्री गेलेली असते. आणि हा आकडा अशा व्याधीचा आहे की जिला आरंभी गाठले तर ती बहुधा बरी होते. रोग गर्भाशयाच्या मुखापुरताच असताना योग्य उपचार मिळाले तर दहांपैकी आठ-नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांपर्यंत पसरल्यावर तेच प्रमाण दहांत दोनांपर्यंत घसरते. मधले अंतर औषधाचे नाही, वेळेचे आहे.

आता लक्षणे. ती आडवळणाने सांगण्याची रीत आम्हांस मान्य नाही, म्हणून सरळ सांगतो. पतिपत्नींच्या शरीरसंबंधानंतर रक्त दिसणे, हे पहिले. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, थेंबभर का होईना, हे दुसरे. पाळी नेहमीपेक्षा फार दिवस किंवा फार प्रमाणात जाऊ लागणे, हे तिसरे. पाळी कायमची थांबून वर्ष उलटल्यानंतर पुन्हा केव्हाही रक्त दिसणे, मग तो कपड्यावरचा एक फिका डाग असो, हे चौथे. अंगावरून पाण्यासारखा, दुर्गंधीचा किंवा रक्तमिश्रित स्राव जात राहणे, हे पाचवे. ओटीपोटात किंवा कंबरेत न थांबणारे दुखणे आणि संबंधाच्या वेळी वेदना, हे सहावे. पायाला सूज येणे, लघवीला किंवा शौचाला त्रास होणे अथवा त्यातून रक्त जाणे, वजन झपाट्याने उतरणे, ही बहुधा उशिराची लक्षणे होत. तेथपर्यंत थांबणे म्हणजे निकाल लागल्यावर वकील शोधायला निघणे होय.

यांपैकी एखादे लक्षण दिसले म्हणजे कर्करोगच झाला, असे मुळीच नाही. गाठी, जंतुसंसर्ग, गर्भाशयमुखावरचे साधे मोड, थायरॉईडचे विकार, पाळी जाण्याच्या वयातले बदल, अशी पुष्कळ कारणे असतात, आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत कारण त्यांतलेच निघते. पण कोणते कारण आहे, हे सासूबाई ठरवू शकत नाहीत, शेजारीण ठरवू शकत नाही, आणि रुग्ण स्त्रीही ठरवू शकत नाही. ते डॉक्टरांनी गर्भाशयाचे मुख डोळ्यांनी पाहून, आणि जरूर तर त्याचा बारीकसा तुकडा तपासून ठरवायचे असते. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथे आरोपी ते रक्त आहे, आणि आपण कित्येक पिढ्या त्यालाच संशयाचा फायदा देत आलो आहोत: ‘पाळी जायच्या वयात असे व्हायचेच’, ‘उष्णता झाली असेल’, ‘उपवास फार झाले’. रक्त निर्दोष सुटते आणि शिक्षा बाई भोगते.

आपल्या भाषेत दोन वाक्प्रचार आहेत. ‘अंगावरून जाणे’ आणि ‘अंगावर काढणे’. पहिला स्त्रीच्या दुखण्याचे नाव आहे, दुसरा तिच्या सोशिकपणाचे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जी वाट जाते, ती आपल्याकडे सद्गुणाची वाट मानली गेली आहे. सोसणाऱ्या बाईला आपण कुलीन म्हणतो, आणि सांगणाऱ्या बाईला नाजूक. खणा-नारळाने देवीची ओटी भरताना ज्यांचे हात थरथरतात, त्यांनी आपल्या सुनेच्या ओटीपोटातील दुखण्याविषयी एक प्रश्न विचारल्याचे किती जणांच्या स्मरणात आहे?

या मौनाचे दोन प्रकार विशेष घातक आहेत, आणि दोन्ही देवळाच्या संबंधातून निर्माण होतात. म्हणून ते या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.

पहिला प्रकार गोळ्यांचा. जत्रा आली, घरात सत्यनारायण ठरला, चतुर्थी तोंडावर आली की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणल्या जातात. डॉक्टरांना विचारून एखादे वेळी त्या घेणे निराळे. परंतु जिची पाळी मुळातच बिघडलेली आहे, जिला मधूनमधून रक्त दिसते आहे, तिलाही ‘एवढा उत्सव निभावून ने’ म्हणून त्याच गोळ्या दिल्या जातात. रक्त का जाते आहे हा प्रश्न न विचारता ते तात्पुरते थांबविण्याचा हा खटाटोप म्हणजे घराला आग लागली असता धूर दिसू नये म्हणून खिडक्या लावून घेण्यासारखा आहे. उत्सव निर्विघ्न पार पडतो. विघ्न शरीरात राहते.

दुसरा प्रकार याहून करुण आहे. पाळी गेलेल्या स्त्रीला आपल्या समाजात एक नवे स्थान मिळते. आता तिला अडचण नाही. ती केव्हाही सोवळ्यात येऊ शकते, नैवेद्याला हात लावू शकते, देवीच्या वस्त्रांची, फुलांची, समईची सेवा तिच्याकडे येते. आयुष्यभर महिन्यातून चार दिवस दूर राहिलेल्या स्त्रीला हा अधिकार किती मोलाचा वाटतो, हे पुरुषांना कळणे कठीण आहे. अशा स्त्रीला एके दिवशी पुन्हा रक्त दिसते. ते बोलून दाखवावे, तर सेवा जाते. एवढे दिवस विटाळात देवाला शिवलो की काय, ही भीती वेगळीच. म्हणून ती गप्प राहते. ज्या लक्षणाकडे वैद्यकाने सर्वांत गंभीरपणे पाहावे, ते लक्षण लपविण्याचे सर्वांत मोठे कारण आपण तिला देऊन ठेवले आहे. विधवेची गोष्ट तर त्याहूनही वाईट. तिला असले दुखणे होईलच कसे, असा समज असतो. वस्तुतः या रोगाचे बीज शरीरात पडल्यापासून तो प्रकट होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लोटतो. पती निवर्तून तप उलटलेल्या स्त्रीलाही तो होऊ शकतो, आणि तिच्याविषयी मात्र कोणालाच शंका येत नाही.

आणि हे सर्व शास्त्राच्या नावावर चालते! शास्त्राने मात्र असे सांगितलेले नाही. चरकाने आपल्या संहितेत स्त्रियांच्या गुह्यरोगांना स्वतंत्र अध्याय दिला, त्यांचे वीस प्रकार वर्णिले. मासिक स्राव आणि विकृत स्राव यांत आपल्या प्राचीन वैद्यांनी स्पष्ट भेद केला: एकाला आर्तव म्हटले, दुसऱ्याला असृग्दर किंवा प्रदर. प्रमाणाबाहेर जाणारे आणि ऋतुकाळ सोडून भलत्या वेळी जाणारे रक्त हे असृग्दर, म्हणजे रोग, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हते, कर्करोगाचे आजचे ज्ञान नव्हते. पण अवेळी जाणारे रक्त ही आजाराची खूण आहे, एवढे त्यांना समजत होते. आपणच पुढे सर्व रक्त एका ‘विटाळ’ या शब्दात कोंबले, आणि त्या शब्दाबरोबर औषधही बाहेर बसले.

आता आक्षेप. ते आम्हांस चांगले ठाऊक आहेत.

पहिला आक्षेप असा की, हा विषय सांस्कृतिक मासिकाचा नव्हे, आणि देवस्थानाचा तर मुळीच नव्हे. अशा गोष्टी चार भिंतींच्या आत बऱ्या. चार भिंतींच्या आत त्या बोलल्या जात असत्या तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजनच नव्हते. ज्या वास्तूच्या सर्वांत पवित्र भागाला आपल्या पूर्वजांनी ‘गर्भगृह’ म्हटले, तिच्या सभामंडपात ‘गर्भाशय’ हा शब्द उच्चारल्याने कोणते पावित्र्य ढळते, हे आम्हांस समजलेले नाही. गोमंतकात वारुळाच्या रूपाने पुजली जाणारी सातेरी ही भूमातेचेच रूप. जिच्या कुशीतून सारे उपजते, तिची आपण लेकरे म्हणवतो. तिच्या दारात स्त्रीच्या कुशीचे दुखणे अमंगळ कसे? असभ्यतेचा हा आरोप मराठीला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले; १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. त्या काळी ज्या गोष्टी छापल्या म्हणून माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, त्यांतील पुष्कळ गोष्टी आज शाळेच्या पुस्तकात आहेत. आजची आपली सभ्यताही अशीच उद्या हास्यास्पद ठरेल. तोपर्यंत तिच्यासाठी किती बायकांचे बळी द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप उघड कोणी घेत नाही, कुजबुजीत घेतला जातो, आणि म्हणून तो अधिक विषारी आहे. हा रोग चारित्र्याशी संबंधित आहे, असा तो आक्षेप. हे खरे की, या रोगाला कारण होणारा एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून संक्रमित होतो. हा संबंध दाखवून देणाऱ्या हॅराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूच्या अनेक जातींपैकी १६ आणि १८ या दोनच जाती सुमारे सत्तर टक्के रोगाला कारण होतात. परंतु हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे की संसारी स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा लागतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडतो. त्यांतील काहींत पुढे वर्षांनुवर्षांनी रोग होतो. एका पुरुषाशी लग्न करून जन्मभर त्याच्याशीच राहिलेल्या स्त्रीलाही तो होतो, कारण तो तिला तिच्या नवऱ्याकडून मिळतो, आणि नवऱ्याला स्वतःला काहीही जाणवत नाही. तेव्हा या रोगावरून बाईच्या शीलाचा निवाडा करू पाहणाऱ्याने आधी साक्षीदार कोण आहे ते पाहावे. शरीरसंबंधानंतरचे रक्त हे लक्षण जगात दोनच माणसांना ठाऊक असू शकते. त्यांपैकी एक बोलायला लाजते. दुसऱ्याने गप्प बसणे हा साक्ष दडविण्याचा गुन्हा आहे. दंडसंहितेत त्याला कलम नसेल, धर्मात आहे.

तिसरा आक्षेप आधुनिकांचा. आता लस निघाली आहे, मग ही लक्षणांची उजळणी कशाला? लस निघाली आहे, आणि तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या देशी लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला उत्तेजन देण्याचा मनोदय केंद्र सरकारने जाहीर केला. प्रत्येक घराने आपल्या मुलींना ती वेळेवर टोचून घ्यावी. परंतु लस ही नातीची ढाल आहे; आई आणि आजी यांच्या शरीरात विषाणू आधीच शिरून बसला असेल तर तो ती काढून टाकीत नाही. आज चाळीस, पन्नास, साठ वर्षांच्या असलेल्या स्त्रियांना आधार दोनच गोष्टींचा: रोग दिसण्याआधीची तपासणी आणि लक्षण दिसताच घेतलेली धाव. तपासणीची स्थिती काय आहे? तिसाव्या वर्षापासून पासष्टाव्या वर्षापर्यंतच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असा आराखडा केंद्र सरकारने २०१६ साली काढला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया शंभरांत दोनही भरल्या नाहीत.

ती तपासणी तरी केवढी! गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, लावायचे आणि मिनिटभराने पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचे, ही एक रीत. मुखावरील पेशी पुसून काढून काचेवर तपासायच्या, ही दुसरी. ती पापानिकोलाऊ या ग्रीक वैद्याच्या नावाने पॅप चाचणी म्हणून ओळखली जाते. विषाणूचाच शोध घ्यायचा, ही तिसरी, आणि तिघींत अधिक भरवशाची. रोगाची पूर्वावस्था सापडली तर ती बहुधा लहानशा उपचाराने तेथेच नाहीशी करता येते. मात्र एक ध्यानात ठेवावे: ही तपासणी लक्षण नसलेल्या स्त्रीसाठी आहे. जिला रक्त दिसते आहे तिने ‘गेल्या वर्षी चाचणी चांगली आली होती’ म्हणून स्वस्थ बसू नये. तिने डॉक्टरांकडे जाऊन कारण शोधून घेतलेच पाहिजे.

चौथा आक्षेप श्रद्धेचा: जे प्रारब्धात आहे ते टळत नाही, आणि जे टळायचे ते कुलदेवतेच्या कृपेने टळेल. आमचा श्रद्धेशी वाद नाही. आपल्या देवळांतून कौल घेतात, गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. आणि तक्रारीचा पहिला नियम, मग ती न्यायालयात असो की देवापुढे, हा की ती नेमक्या शब्दांत मांडावी लागते. ‘लेकराबाळांना सुखी ठेव’ एवढ्या मोघम प्रार्थनेत त्या बाईचे सहा महिन्यांचे रक्त कोठे नमूद झाले? देवाचा प्रसाद उजवा आला तर आनंदाने तो मस्तकी लावावा आणि त्याच दिवशी दवाखान्याची वाट धरावी. डावा आला तरीही धरावी. कौलाने मुहूर्त ठरवावा, तपासणी व्हावी की नाही हे ठरवू नये.

नुसती लक्षणे सांगून काय होणार, असे कोणास वाटेल. याचे उत्तर आपल्याच भाषेच्या मुलखात मिळालेले आहे. श्रीभगवंताच्या बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते खेड्यांतून फिरत, नोंद घेत आणि घरोघर या रोगाच्या खुणा सांगत. त्यांच्याजवळ मोठी यंत्रे नव्हती. होते ते बोलणे. काही वर्षांतच असे दिसून आले की त्या भागातील स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत, म्हणजे बरे होण्याजोग्या वेळी, पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात येऊ लागल्या. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. पुढे तुळजाभवानीच्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात, सुमारे १,३१,००० स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाने २००९ साली जगाला दाखवून दिले की, विषाणूच्या एकाच चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. मुंबईच्या वस्त्यांतून टाटा स्मारक रुग्णालयाने शाळा शिकलेल्या साध्या आरोग्यसेविकांना थोडे आठवडे शिकवून त्या आम्लाच्या तपासणीला लावले, आणि बारा वर्षांनंतर मृत्यूंत ३१ टक्के घट आढळली. जगातील मोठमोठ्या वैद्यकीय नियतकालिकांनी हे छापले. ज्यांच्या कुलस्वामिनीच्या पायथ्याशी हे ज्ञान सिद्ध झाले, त्या आपल्या घरांत ते अद्याप पोचलेले नाही, हे कशाचे लक्षण म्हणावे?

वकील म्हणून दोन गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली अशी की, सज्ञान स्त्रीला स्वतःच्या तपासणीसाठी नवऱ्याची, सासूची किंवा मुलाची परवानगी लागत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे जो खटला आला तोही अति रक्तस्रावाने पीडित स्त्रीचाच होता. ती गुंगीत असता तिच्या आईच्या संमतीवर तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की, संमती रुग्णाची स्वतःचीच पाहिजे. दुसऱ्या कोणाची, मग ती जन्मदात्री का असेना, चालत नाही. गोमंतकात तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशाने विवाहितेला, वेगळा करार नसेल तर, पतीबरोबर मालमत्तेचा अर्धा वाटा मिळतो. अर्ध्या घराची धनीण असलेली बाई स्वतःच्या शरीराविषयी एक वाक्य बोलायला भिते, हा आपल्या कायद्याचा नव्हे, आपल्या घराचा पराभव आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. अपील दाखल करण्यास उशीर झाला तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या पाचव्या कलमाखाली पुरेसे कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो. या व्याधीच्या न्यायालयात पाचवे कलम नाही. तेथे ‘मुलीचे लग्न होते’, ‘जत्रा होती’, ‘लाज वाटली’, यांपैकी कोणतेच कारण पुरेसे ठरत नाही. उलट एवढे खरे की, निसर्गाने मूळ मुदत फार उदार दिली आहे: पूर्वावस्थेपासून रोगापर्यंत बहुधा दहा वर्षांहून अधिक. एवढी मुदत हातात असताना दावा बुडविणाऱ्या पक्षकाराला कोण काय म्हणणार?

म्हणून देवस्थानांच्या समित्यांकडे, महाजनांकडे, बेळगावपासून बडोद्या-इंदूरपर्यंतच्या मराठी मंदिर-मंडळांकडे आमची मागणी आहे, विनंती नव्हे. चैत्रातल्या आणि मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकची डबी देण्यापेक्षा वर सांगितलेली सहा लक्षणे छापलेला कागद द्यावा, आणि एखाद्या परिचारिकेला बोलावून ती वाचून, समजावून सांगायला लावावी. वर्षातून एक दिवस अग्रशाळा तपासणीसाठी उघडावी. यात्रेकरूंच्या मुक्कामाला जी जागा पवित्र आहे ती या कामालाही पवित्रच राहील. तपासणीत काही आढळले तर त्या स्त्रीचे नाव बाहेर फुटणार नाही आणि तिला मोठ्या रुग्णालयापर्यंत नेण्याची सोय होईल, एवढा बंदोबस्त करावा. देवस्थानाच्या तिजोरीला तो जड नाही. पुराणिकांनी आणि कीर्तनकारांनी एकदा तरी निरूपणात हा विषय घ्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पुरोहितवर्गाने आणि समित्यांनी मिळून एक गोष्ट स्पष्ट शब्दांत जाहीर करावी: पाळी गेल्यानंतर किंवा पाळी सोडून दिसणारे रक्त हा विटाळ नसून आजार आहे, आणि तो सांगितल्याबद्दल कोणत्याही स्त्रीची सेवा काढून घेतली जाणार नाही. या एका वाक्याला खर्च शून्य आहे. परंतु फुलांची परडी हातातून जाईल या भीतीने जी आजी आज डाग धुऊन गप्प बसली आहे, ती त्या वाक्यामुळे उद्या सुनेला हाक मारील.

घरांनी करायचे ते याहून सोपे. दिवस मोजण्याची सवय आहेच. ती सोडू नका, तिची दिशा बदला. चौथा दिवस मोजणाऱ्या सासूने चौदावा दिवसही विचारावा. पाळी लांबली, मध्येच आली, जाऊन परत आली, की ‘देवघरात येऊ नकोस’ हे वाक्य तोंडातून निघण्यापूर्वी ‘चल, डॉक्टरांकडे जाऊ’ हे वाक्य निघावे. नवऱ्याने आपण होऊन विचारावे, आणि सोबत जावे. तिशी उलटलेल्या प्रत्येक स्त्रीची एकदा तपासणी व्हावी; पुढची केव्हा, ते डॉक्टर सांगतील, आणि ती तारीख एकादशी-प्रदोषाच्या शेजारी त्याच पंचांगात लिहून ठेवावी.